‘लॅचिंग’ म्हणून विकतात तो निळा रिले बोर्ड: पॉइंट मोटरवाल्यांनी घ्यावा का?

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं रामायण. ऑनलाईन ‘12 व्होल्ट लॅचिंग रिले मॉड्यूल’, ‘बायस्टेबल’, ‘सेल्फ लॉक’ अशा नावांनी एक छोटा बोर्ड मिळतो, निळा चौकोनी रिले (करंट दिला की आपोआप बदलणारा स्विच), तीन स्क्रूचं टर्मिनल, एक बारकं बटण आणि लाल एलईडी. मॉडेल रेल्वेत पॉइंटच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तो सांधा) फ्रॉगची (त्यातल्या मधल्या व्ही आकाराच्या तुकड्याची) पोलॅरिटी बदलायला घेत असाल तर नका घेऊ, निदान गोव्यात राहत असाल तर अजिबातच नको. 5 पैकी 2 स्टार, आणि ते दोनसुद्धा स्क्रू टर्मिनल चांगलं आहे म्हणून.

कंपनीचं नाव लिहीत नाही कारण नाव असं काही नाहीच, तोच बोर्ड वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे वेगवेगळ्या नावाने दिसतो. मला दीडशेच्या आसपास पडला, डिलिव्हरी फोंड्याला वेळेत आली, पॅकिंग पण ठीक. तक्रार आहे ती लिस्टिंगमध्ये लिहिलेल्या ‘लॅचिंग’ या एका शब्दाबद्दल, म्हणजे एकदा टाकला की करंट गेला तरी तिथेच राहणारा.

आता ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात, रिले लागतोच कशाला. माझा लेआउट 16.5 एमएम ट्रॅकवर आहे, विषय कुळे स्टेशन, म्हणजे जिथे घाट चढायला मालगाडीला मागून बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लावतात ते. (खरा घाट 1 इन 37 आहे, घरात तेवढा चढ द्यायचं धाडस केलेलं नाही, डबे मागे घसरतात.) यार्ड असल्यामुळे पॉइंट बरेच आणि सगळे इलेक्ट्रोफ्रॉग प्रकारचे, म्हणजे मधला जो व्ही असतो तो पूर्ण धातूचा आणि करंट वाहणारा. छोटी शंटिंग इंजिनं प्लॅस्टिकच्या फ्रॉगवर अडकतात, यावर अडकत नाहीत, पण त्याची किंमत अशी की पॉइंट या बाजूला असेल तर फ्रॉगला एका रुळाची पोलॅरिटी हवी आणि त्या बाजूला टाकला की दुसऱ्या रुळाची. पॉइंटची ब्लेड (रुळाची हलणारी पट्टी) स्टॉक रेलला (बाजूच्या स्थिर रुळाला) टेकते तिथूनही करंट मिळतो, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर जी हवा असते त्यात त्या टेकण्यावर भरवसा ठेवून गाडी चालवणं म्हणजे दर रविवारी पॉलिश पेपर घेऊन बसणं. म्हणून फ्रॉगला वेगळी वायर, आणि ती वायर इकडून तिकडे करायला रिले.

मोटर माझ्याकडे पेकोच्या पीएल-10, जुन्या पद्धतीच्या दोन कॉइलवाल्या सॉलेनॉइड. डाव्या कॉइलला झटका दिला की पॉइंट डावीकडे, उजव्या कॉइलला दिला की उजवीकडे, खट्ट करून. या मोटरबद्दल माझं मत चांगलं आहे, पॉइंटच्या स्लीपरखाली थेट अडकते, पाय वाकवले की झालं. कॉइल सुमारे 4 ओहमची आहे, म्हणजे 16 व्होल्ट दिले तर 4 अँपिअर ओढते, साधा हिशेब, आणि बटण चुकून दाबून राहिलं तर 64 वॉट त्या एवढ्याशा कॉइलमध्ये जातात आणि वास सुटतो. म्हणून सगळे मध्ये सीडीयू घालतात, म्हणजे एक मोठा कॅपॅसिटर जो आधी चार्ज होऊन बसतो आणि बटण दाबलं की एकदम सगळा माल ओततो. नंतर बटण दाबून ठेवलं तरी काही येत नाही, कॉइल वाचते. 16 व्होल्ट एसी ब्रिजमधून (एसीचं डीसी करणारे चार डायोड) गेले की कॅपॅसिटरवर 21 च्या आसपास डीसी बसतात, माझा कॅपॅसिटर 4700 मायक्रोफॅरडचा आहे, झटका कडक मिळतो. पीएल-10 घेताय आणि सीडीयू नाही घेत असं करू नका, दोन्ही मिळूनच एक वस्तू समजा.

आता बोर्डकडे येतो.

टेबलावर एकटा चालवून बघितला तेव्हा छान वाटला. ट्रिगर दिला, टिक, एलईडी लागला, रिले ओढला गेला. ट्रिगर काढला तरी रिले ओढलेलाच. परत ट्रिगर दिला, टिक, सुटला. लिस्टिंगमध्ये जो व्हिडिओ आहे त्यात एवढंच दाखवतात आणि एवढं बघून कोणीही म्हणेल की हो, लॅचिंगच आहे. पण आता 12 व्होल्टची पिन काढा आणि कान जवळ न्या. टिक. सुटला! पिन परत लावा, काही नाही, बोर्ड गप्प, रिले सुटलेलाच, मघाशी आपण काय सांगितलं होतं त्याची आठवण शून्य. कारण बोर्डवरचा रिले साधाच आहे, ज्याला ओढून धरायला सतत करंट लागतो, आणि ‘लॅचिंग’ जे आहे ते शेजारच्या काळ्या आयसीच्या डोक्यात आहे. सप्लाय गेला की आयसी विसरतो.

आणि पॉइंट मात्र विसरत नाही. पॉइंटला स्प्रिंग असते, जिथे टाकला तिथे राहतो.

मग होतं काय ते सांगतो. पावसाळ्यात संध्याकाळी लाईट जाणं हे काही बातमी नाही, एक जोराची सर आणि वारा आला की गेली, पाच मिनिटांत आली, परत गेली. समजा त्यावेळी कुळ्याचा लूपचा पॉइंट वळलेला आहे, रिले ओढलेला आहे. लाईट गेली, रिले सुटून नॉर्मलला आला, पॉइंट वळलेलाच. लाईट आली, आता फ्रॉगला चुकीच्या रुळाची पोलॅरिटी. तुमच्या पॉइंटमध्ये ब्लेड आणि फ्रॉग आतून अजून जोडलेले असतील तर लाईट येताक्षणी शॉर्ट, इंजिन नसलं तरी. ती जोडणी कापली असेल तर इंजिन फ्रॉगवर येईपर्यंत सगळं सुरळीत वाटतं आणि मग शॉर्ट. दुसरा प्रकार जास्त वैताग देतो कारण माणूस दोष इंजिनात शोधत बसतो. दर वेळी लाईट आल्यावर सगळे पॉइंट एकदा इकडून तिकडे फिरवायचे असा नियम करता येतो म्हणा, पण तेवढंच करायचं तर हाताने टॉगल स्विच फिरवणारा सांधेवाला काय वाईट होता.

विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं, ‘सर, प्रॉडक्ट इज वर्किंग अॅज पर डिस्क्रिप्शन’. बरं.

दुसरी अडचण पहिल्याहून वाईट आहे आणि तिला लाईट जायची पण गरज नाही. या बोर्डला एकच ट्रिगर आहे आणि तो प्रत्येक झटक्याला उलटा होतो. पॉइंट मोटरला दोन कॉइल आहेत, दोन बटणं आहेत. ‘मेन’चं (सरळ मार्गाचं) बटण दोनदा दाबलं, जे आपण सगळे करतो, खात्री म्हणून, तर पॉइंट मेनलाच राहतो आणि बोर्ड एकदा इकडे आणि एकदा तिकडे. म्हणजे झाला शॉर्ट. भाचा आला होता सुट्टीत, त्याने बटणं बडवली आणि अर्ध्या तासात यार्डातल्या कुठल्या पॉइंटचा रिले कुठे आहे याचा कोणालाच पत्ता राहिला नाही. त्याला म्हटलं, ‘बाळा, एकदाच दाब’, तर म्हणतो, ‘मामा, मग दोनदा दाबल्यावर बिघडतं कशाला?’ प्रश्न बरोबर आहे त्याचा.

तिसरं, हा बोर्ड सीडीयूच्या वायरवर थेट लावायचा नाही. ट्रिगरला 3 ते 5 व्होल्ट अपेक्षित आहेत आणि सीडीयूमधून 21 येतात, वर मोटरची कॉइल सोडताना जो उलटा झटका मारते तो वेगळाच. मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पोचवून दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा पार्ट) घालावा लागतो. म्हणजे बोर्ड, ऑप्टो, त्याचे रेझिस्टर, वेगळा 12 व्होल्ट सप्लाय, एवढं सगळं करून शेवटी विसरभोळा रिले.

तर मग घ्यायचं काय? खरा लॅचिंग रिले, दोन कॉइलवाला. तो आतल्या चुंबकावर धरून राहतो, एका कॉइलला झटका दिला की या बाजूला, दुसऱ्या कॉइलला दिला की त्या बाजूला, मध्ये करंट शून्य. पॉइंट मोटरसारखाच स्वभाव, म्हणून जोडी जमते. लाईट आठवडाभर गेली तरी तो आहे तिथेच. पॅनासॉनिकचा टीक्यू2-एल2, ओमरॉनचा जी6एसके-2 असे नंबर आहेत. नंबरमध्ये नीट बघा, टीक्यू2 मध्ये नुसता ‘एल’ असेल तर एकच कॉइल, तिला उलटसुलट पोलॅरिटी द्यावी लागते, आपल्या कामाला ‘एल2’ हवा. आकार नखाएवढा, पूर्ण बंद खोक्यातला.

हे मडगावात विचारलं. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या जमान्यापासूनचं एक पार्टचं दुकान आहे बाजारात, तिथल्या पात्रांवनी कोकणीतून विचारलं, ‘हें व्हरून कितें करतलो?’ रेल्वेचे रूळ बदलणार म्हटल्यावर माझ्याकडे वर-खाली बघितलं, मग आत जाऊन जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डवरून काढलेल्या लॅचिंग रिलेंची पिशवीच घेऊन आले. पिशवीतले कॉइलच्या व्होल्टेजप्रमाणे वेगळे करायला पण त्यांनीच मदत केली आणि नवीन हवे असतील तर मागवून देतो म्हणाले, दिले पण मागवून. या दुकानाला माझ्याकडून 5 पैकी 5. ऑनलाईनपेक्षा थोडे पैसे जास्त गेले असतील, पण इथे निदान लॅचिंग म्हणजे लॅचिंग.

त्यांनी मला 24 व्होल्टवाले सुचवले होते, सीडीयू 21 देतो म्हटल्यावर कोणीही तेच सुचवेल, पण मी 12 व्होल्टचेच घेतले आणि का ते जरा सविस्तर सांगतो कारण इथे बरेच लोक अडकतात. सीडीयूचे 21 व्होल्ट टिकत नाहीत. 4700 मायक्रोफॅरड आणि 4 ओहम, गुणाकार केला तर 19 मिलिसेकंद, एवढ्या वेळात व्होल्टेज तिसऱ्या हिश्शाच्या थोडं वर येऊन पोचतं. 24 चा रिले ओढायला 18 तरी लागतात, म्हणजे त्याच्या वाट्याला जेमतेम 3 मिलिसेकंद, आणि रिलेला हलायला साधारण तेवढाच वेळ लागतो. जमलं तर जमलं. 12 च्या रिलेला 9 पुरतात, 9 च्या खाली यायला 16 मिलिसेकंद जातात, भरपूर झाले. आणि क्रॉसओव्हरला (दोन रुळांना जोडणारी पॉइंटची जोडी) दोन मोटर एकाच बटणावर असतील तर ओहम अर्धे होतात आणि वेळ पण अर्धा, तिथे 24 वाला बहुतेक वेळा नुसता बघत बसेल. 12 च्या कॉइलवर 21 व्होल्ट एवढ्या क्षणापुरते आले तर काही होत नाही, तापायला वेळच मिळत नाही.

वायरिंग काही कठीण नाही. रिलेची एक कॉइल मोटरच्या डाव्या कॉइलला समांतर, दुसरी उजवीला, कॉमन कॉमनला. फक्त या रिलेंना प्लस-मायनस असतं, उलटं लावलं तर हलत नाहीत, तेव्हा डेटाशीटमधलं पिनचं चित्र बघूनच सोल्डर करा आणि ते चित्र वरून आहे की खालून तेही बघा. मोटरच्या प्रत्येक कॉइलवर एकेक 1एन4007 डायोड उलटा, पट्टी प्लसकडे, म्हणजे उलटा झटका तिथेच मरतो. फ्रॉगच्या पुढच्या दोन रुळांना प्लॅस्टिकचे जॉइनर विसरू नका, ते नसतील तर रिले कितीही चांगला असला तरी करंट पलीकडून येऊन शॉर्ट करणारच. रिलेत दोन कॉन्टॅक्ट असतात, एक फ्रॉगला वापरला की दुसरा रिकामा, तो मी पॅनेलवरच्या एलईडीला दिलाय, त्यामुळे कुळ्याचा नकाशा पॅनेलवर हिरवा-लाल दिसतो आणि लाईट जाऊन आली तरी बरोबर दिसतो.

वायर जाड घ्या. लेआउटच्या लोकांना ती बारीक सात तारांची रंगीत वायर आवडते, सिग्नलला ठीक, मोटरला नाही. पाच मीटर जाऊन पाच मीटर परत आली की ती जवळजवळ 1 ओहम खाते, म्हणजे झटक्यातला पाचवा हिस्सा वायरमध्येच. आपल्या घरात वापरतात ती 1 स्क्वेअर एमएमची वायर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, जरा ताठ असते पण मोटर कशी खणखणीत वाजते बघा.

एक मर्यादा आहे ती सांगायला हवी. हे छोटे सिग्नल रिले 1 ते 2 अँपिअरचे असतात. साध्या डीसी कंट्रोलरला चालतात, पण डीसीसीचा (इंजिनांना रुळातून डिजिटल हुकूम देणारी पद्धत) 3-5 अँपिअरचा बूस्टर असेल आणि शॉर्ट झाला तर कॉन्टॅक्ट चिकटू शकतो. फ्रॉगच्या वायरमध्ये एक पॉलीफ्यूज (आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) टाका, काम होतं. आणि दुसरी मर्यादा, रिलेला पॉइंट खरंच हलला का हे कळत नाही, त्याला फक्त झटका कळतो. ब्लेडमध्ये खडी अडकून पॉइंट अर्ध्यात राहिला तरी रिले आपला बदलून मोकळा. खऱ्या रेल्वेत असं चालत नाही, तिथे पॉइंट मशीनमधून ब्लेड खरोखर बसली की नाही याचं डिटेक्शन येतं आणि ते आल्याशिवाय सिग्नल सुटत नाही, आणि तिथल्या सिग्नलच्या रिलेचा करंट गेला की तो पडतो आणि सिग्नल लाल होतो, ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. म्हणजे आम्ही ज्या गोष्टीसाठी त्या निळ्या बोर्डला शिव्या घालतोय ती तिथे सुरक्षेसाठी हवी असते, गंमत आहे.

त्या न्यायाने मोटरच्या पिनवर मायक्रोस्विच लावणं जास्त खरं, कारण तो पिन हललेली बघतो. करून बघितलं. उन्हाळ्यात एकदम झकास, आणि पावसाळ्यात प्लायवूड फुगलं की स्विचची जागा केसभर सरकते आणि तो धड इकडे ना तिकडे. उघडे सरकते कॉन्टॅक्ट असलेले स्विच तर इथल्या खाऱ्या हवेत काळे पडतात, स्प्रे मारत बसा. वास्को, पणजी, कळंगुट भागात समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर बंद खोक्यातल्या रिलेशिवाय विचारच करू नये असं माझं मत आहे. ज्यांचं बजेट आहे त्यांनी टॉर्टॉइससारखी स्लो मोटर घ्यावी, तिच्यात कॉन्टॅक्ट आतच असतात आणि रिलेचा प्रश्नच मिटतो, 12 व्होल्टवर जेमतेम 16 मिलिअँपिअर खाते, पण बाहेरून मागवून कस्टम भरून यार्डभर पॉइंटना लावायची तर बायकोला हिशेब दाखवावा लागेल. सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) स्वस्त आहेत, एसजी90 आणि तिला चालवणारा आर्डुइनो बोर्ड, पोरं करतात, लाईट आली की थरथरतात ते सोडून द्या, पण फ्रॉगसाठी रिले किंवा स्विच तिथे पण लागतोच, म्हणजे फिरून तिथेच.

चवथीला ही खोली गणपतीची, मखर तिथेच बसतं, त्यामुळे माझा लेआउट बोर्डाबोर्डाने सुटून माळ्यावर जातो आणि नंतर परत जोडला जातो. त्या सगळ्या उचलाउचलीनंतर रिले जिथे होते तिथेच निघाले, एकही टिचकी द्यावी लागली नाही. हाताने पॉइंट फिरला असेल तर मात्र पहिल्यांदा प्रत्येक बटण एकदा दाबून घ्या, मग कंट्रोलर चालू करा.

निळा बोर्ड फेकला नाही. प्लॅटफॉर्मच्या दिव्यांना लावलाय, एक बटण दाबलं की कुळे स्टेशन उजळतं, परत दाबलं की अंधार, आणि लाईट गेल्यावर विसरला तरी कोणाचं काही बिघडत नाही. त्या कामासाठी कोणाला हवा असेल तर खुशाल घ्या. पॉइंटसाठी घ्यायचा असेल तर पैसे द्यायच्या आधी विक्रेत्याला एकच विचारा, सप्लाय काढल्यावर रिले टिक करतो का. करतो म्हणाला, किंवा ‘वर्किंग सर’ म्हणाला, तर पुढच्या दुकानात जा.